तीन फुल्यांचा कोड

बँकेत पैसा साठतो, हा लोकांचा गैरसमज आहे. पैसा येतो आणि जातो. साठतात ते किस्से. त्यांना काढायला कुणी येत नाही, त्यांची मुदत संपत नाही आणि ऑडिटवाल्यांना ते कधी सापडत नाहीत.

आम्ही दारव्हा शाखेतले निवृत्त लोक अधूनमधून यवतमाळला कुणाच्या तरी घरी जमतो. गुडघे, जावई आणि पेन्शन हे विषय आटोपले की कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, तुमचा तो स्विफ्ट कोड होऊन जाऊ द्या." आता स्विफ्ट कोड ही काय हसायची गोष्ट आहे? परदेशातून पैसे पाठवायचे तर कुठल्या देशातल्या, कुठल्या बँकेत ते उतरवायचे, हे सांगणारी आठ किंवा अकरा अक्षरं. पत्त्यातल्या पिनकोडसारखं प्रकरण. पण आमच्या शाखेत सरळ गोष्टही सरळ यायची नाही.

वर्षं कापसाची होती, म्हणजे कापसाच्या वाईट वर्षांपैकी. जिल्ह्यात तेव्हा दोन गोष्टी मुबलक होत्या. एक लोडशेडिंग, दुसरे पाहुणे. आज मंत्री, उद्या टीव्हीवाले, परवा अभ्यासगट. सगळे आमच्याकडे बघून हळहळायचे आणि जाताना चांगलं जेवण कुठे मिळतं ते विचारायचे.

* * *

अशा दिवसांत मुख्यालयाचं सर्क्युलर आलं. प्रत्येक शाखेनं परदेशातून येणाऱ्या पैशांचं टार्गेट पूर्ण करावं. ज्या बाजारात कापसाचे चुकारे, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, वेळेवर मिळत नव्हते, तिथे आम्ही डॉलर आणि रियाल गोळा करायचे होते. सर्क्युलर काढणाऱ्यानं नकाशा पाहिला नसावा, किंवा पाहिला असेल तर उलटा धरून.

आमचे मॅनेजर सबनीस साहेब पुण्याचे. माणूस वाईट नव्हता, पण दारव्ह्याला ते वेटिंग रूम समजत. पुण्याची गाडी लागली की निघायचं, तोवर बाकावर बसायचं. ती गाडी टार्गेटवर चालते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी तातडीनं मीटिंग घेतली.

"आपल्यापैकी कुणाचे नातेवाईक परदेशात आहेत?"

मग दाराशी उभे असलेले आमचे शिपाई गुलाबराव पुढे आले. "साहेब, माहा साळा सुरतले असते. चालन का?"

"गुलाबराव, सुरत भारतात आहे."

गुलाबरावांना ते काही पटलं नाही. "भारतात कसं असन साहेब? तो म्हनते तिकडं पगार टायमावर होते."

* * *

मीटिंग फसली म्हणून साहेबांनी अनिवासी भारतीयांचा मेळावा घ्यायचं ठरवलं. दारव्ह्यात! बाळू पेंटरकडून बॅनर आणला, पोहे सांगितले, खुर्च्या मांडल्या. पोह्यांचा वास गेला तिथवर निमंत्रण गेलं.

एक गृहस्थ आले, त्यांचा पुतण्या जहाजावर होता. साहेबांनी विचारलं, "कुठल्या देशात?" ते म्हणाले, "देश नाही जी, पान्यावर." दुसऱ्यांच्या मुलीला अमेरिकेतलं स्थळ आलं होतं, अजून जमलं नव्हतं. साहेबांनी त्यांनाही पहिल्या रांगेत बसवलं. म्हणाले, "संभाव्य ग्राहक."

आणि नेमका जनरेटर बंद पडला. लाइट आधीच गेलेले होते. गुलाबराव धावत जाऊन रहेमत चाचांना घेऊन आले.

रहेमत चाचांचं एसटी स्टँडजवळ मोटारपंप आणि इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. आमचा जनरेटर त्यांच्याशिवाय कुणाचं ऐकत नसे. कितीतरी वर्षं ते येत, उभ्याउभ्या काम करत आणि बिल ठेवून जात. बिल मंजुरीसाठी वर जाई आणि वरच राही. त्यांना शाखेत कधी कुणी "बसा" म्हटलेलं मला आठवत नाही.

जनरेटर सुरू झाला. चाचा हात पुसत आत आले, बॅनर वाचला आणि सहज म्हणाले, "माहा पोट्टा मस्कतले हाय ना. इरफान. एसीचं काम करते."

साहेब माइक सोडून उठले. "अहो, मग सांगायचं नाही का? या, या. गुलाबराव, चाचांना चहा. खुर्ची द्या."

खुर्ची आली. पण चाचांच्या कपड्यांना ऑइल होतं. म्हणून आधी खुर्चीवर जुना टॉवेल अंथरला गेला, मग चाचांना बसवलं गेलं. टॉवेलकडे पाहून चाचा हसले. म्हणाले, "मेळाव्यात मले बसाले जागा भेटली, त्या टॉवेलची मेहरबानी."

* * *

ग्राहक मिळाला. आता त्याला कोड द्यायचा. मुंबईहून कोड आला तो साहेबांनी मोठ्यानं वाचला आणि शेवटच्या तीन अक्षरांवर येऊन थांबले. शेवटी तीन वेळा एक्स होता.

"हे काय? फुल्या?"

मी परकीय चलनाचं ट्रेनिंग करून आले होते. मी सांगितलं, "साहेब, मोठ्या शाखांना स्वतःची तीन अक्षरं असतात. ज्यांना नसतात त्यांच्या कोडात तिथे एक्स एक्स एक्स येतं. पैसे मुंबईला उतरतात, तिथून आपल्याकडे येतात."

"पुण्याच्या शाखेला अक्षरं आणि आपल्याला फुल्या? पेपरात शिवीच्या जागी छापतात तशा? मॅडम, हे मी दर्शनी भागात लिहू?"

"पण साहेब, कोड असाच आहे."

"तुम्ही काउंटर सांभाळा."

नाकापेक्षा मोती जड, तशी आमच्या कोडाला शेपटी लागली. साहेबांनी तिन्ही फुल्या काढल्या आणि तिथे दारव्ह्याची म्हणून डी, आर, डब्ल्यू अशी अक्षरं आपल्या हातानं लिहून दिली. बाळू पेंटरनं निळ्यावर पिवळ्या रंगात प्रवेशद्वाराएवढा बोर्ड केला. सबनीस साहेबांचे वरिष्ठ, झोनल साहेब, नागपूरहून आले, फीत कापली आणि म्हणाले की दारव्हा आता जगाच्या नकाशावर आलं आहे. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, काउंटर सांभाळत.

* * *

आता तो कोड मस्कतला कळवायचा होता. चाचा इंग्रजी अक्षरांपासून चार हात लांब. त्यांनी गुलाबरावांना सोबत घेतलं आणि समोरच्या एसटीडी बूथवरून इरफानला फोन लावला. गुलाबराव बोर्ड पाहून अक्षरं सांगायला लागले. फोनवर बी आणि डी, पी आणि टी सारखेच ऐकू येतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यामुळे त्यांनी आपली पद्धत काढली.

"बी बोंडाचा. एस सरकीचा. पी पऱ्हाटीचा. के कापसाचा."

सगळा हंगाम त्यांनी फोनवरून मस्कतला पाठवला. बूथबाहेर उभे असलेले लोक समजले की कुणाला तरी भाव कळवून राह्यले. शेवटच्या तीन अक्षरांना तर त्यांनी शेतच नांगरलं. "डी डवऱ्याचा, आर रुईचा, डब्ल्यू वखराचा. लिवलं का बेटा?"

पोरगा दारव्ह्याचाच. त्यानं परत वाचून दाखवलं तेव्हा एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. मोठमोठ्या बँकांतल्या लोकांना फोनवरून कोड नीट सांगता येत नाही. आमचा जसाच्या तसा गेला. चुकीचा होता, पण जसाच्या तसा गेला.

* * *

इथून पुढे मला हसू जरा कमी येतं. कारण पैसे कशाचे होते ते मला माहीत होतं.

चाचांची मुलगी शबाना बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि नागपूरच्या एका नर्सिंग कॉलेजात तिचा नंबर लागला होता. त्यांच्या मोहल्ल्यातून नागपूरला शिकायला निघालेली ती पहिलीच मुलगी. चाची आधी नाही म्हणत होत्या, चुलते नाही म्हणत होते. चाचा एकटे हाव म्हणत होते आणि इरफान तिकडून म्हणत होता, "अब्बा, फी मी पाठवतो, तुमी फक्त तिले पाठवा." फी भरायची शेवटची तारीख ठरलेली होती. ती चुकली तर जागा दुसऱ्या मुलीला जाणार आणि शबानाचं लग्न लावून द्यायला चुलते तयारच बसले होते. स्थळसुद्धा पाहून ठेवलं होतं.

इरफाननं पैसे टाकले. चाचा रोज दुपारी काउंटरला येऊ लागले.

"मॅडम, आले का जी?"

"नाही आले चाचा."

"पोट्टा म्हनते टाकले, तुमी म्हनता आले नाही. मंग मधात कुठी उतरले?"

मी मुंबईला फोन लावला. तिकडच्या मुलीनं खूप वेळ कीबोर्ड वाजवला आणि म्हणाली, "मॅडम, अशी शाखाच नाहीये. हा कोड सिस्टिममध्ये नाही. पैसे परत जातील."

गंमत बघा. त्या वर्षांत आमचा जिल्हा सगळ्या टीव्हींवर होता, पेपरांत होता, विधानसभेत होता. फक्त जिथून पैसे यायचे होते, तिथे नव्हता.

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, "बोर्डावरचा कोड चुकीचा आहे. आज दुरुस्त करू, चाचांना खरा कोड देऊ, इरफान पुन्हा पाठवेल."

साहेब दचकले. "चुकीचा कसा असेल? त्याचं उद्घाटन झोनल साहेबांनी केलंय."

मी गुपचूप खरा कोड कागदावर लिहून चाचांना दिला. चाचांनी इरफानला कळवला. पण आधीचे पैसे परत मिळाल्याशिवाय पोरगा पुन्हा कुठून पाठवणार? आणि ते पैसे मुंबई-मस्कत रस्त्यावर कुठेतरी चहा पीत बसले होते.

* * *

त्यात भर म्हणजे साहेबांनी ते पैसे टार्गेटात दाखवून टाकले होते! मी विचारलं तर म्हणाले, "मस्कतहून निघालेत ना? मग आलेच समजा."

आलेच समजून झोनलचं अभिनंदनपत्र आलं. आलेच समजून झोनल साहेबांचं स्वतः यायचं ठरलं. तालुक्यातल्या पहिल्या विदेशी रकमेचा चेक समारंभपूर्वक प्रदान करायचा, फोटो काढायचा, पेपरात द्यायचा. आणि फोटोत दिसायचा तर चेक मोठा हवा.

त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, पण थर्माकोलला होता. मदतीचा एकही कार्यक्रम थर्माकोलच्या चेकशिवाय होत नसे. मंडपात पाहुण्यांच्या हस्ते दारभर चेक द्यायचा, फोटो झाला की खरी मदत 'प्रक्रियेत आहे' म्हणायचं. थर्माकोलचा चेक मात्र लगेच घरी नेता यायचा. तो कोठ्यावर, म्हणजे गोठ्याच्या छपरावर, ठेवायचा किंवा कोंबड्यांना आडोसा करायचा. बाळू पेंटरनं बोर्ड रंगवणं सोडून तोच धंदा धरला होता. साहेबांनी ऑर्डर दिली तेव्हा त्यानं फक्त एवढंच विचारलं, "रडनाऱ्या फोटूसाठी पायजे का हासनाऱ्या? रंग तसा घेतो."

समारंभ झाला. चाचांना शाल, श्रीफळ आणि तो चेक मिळाला. चेकवर चाचांचं नाव, इरफाननं पाठवलेली पूर्ण रक्कम आणि खाली साहेबांची सही. सही खरी होती. झोनल साहेबांनी हट्टच धरला, "सबनीस, तुमच्याच हातानं करा, फोटो जिवंत येतो." साहेबांनी जाड मार्करनं, रोज करतात तशी, शेवटी दोन टिंबं देऊन सही केली. आणि माइकवर म्हणाले, "हा नुसता चेक नाही. हा आमच्या बँकेचा शब्द आहे."

चाचा चेकच्या मागे पूर्ण झाकले गेले होते. फोटोत त्यांची फक्त टोपी आणि बोटं आली.

फीची शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशी होती.

* * *

दुसऱ्या दिवशी बाजार होता. शाखा फुललेली. मी पेमेंटच्या काउंटरला. दाराशी गडबड झाली म्हणून मान वर केली, तर आधी चेक आत आला. सरळ बसेना म्हणून तो आडवा केला, मग तिरपा केला. पुढचं टोक चाचांनी धरलं होतं, मागचं शबानानं. तिच्या खांद्याला प्रवासाची बॅग होती.

चाचा रांगेत उभे राहिले. मध्ये घुसले नाहीत की कुणाला बाजूला सारलं नाही. रांग पुढे सरकली की बापलेक चेक उचलून पुढे सरकत.

नंबर आला. चाचांनी चेक काउंटरला टेकवला. "मॅडम, हे पास करा. पोरीची गाडी हाय."

मी हातातला शिक्का खाली ठेवला. तेवढ्यात साहेब केबिनमधून धावत आले. "चाचा, अहो चाचा, हा प्रतीकात्मक आहे."

"म्हंजे कसा जी?"

"म्हणजे दाखवायचा. खरा नाही."

चाचांनी वाकून चेक नीट पाहिला. "नाव माहंच हाय ना?"

"हो, पण..."

"रक्कम पोट्ट्यानं पाठवली तेच हाय. तारीख कालची हाय. सही कोनाची हाय साहेब?"

साहेबांनी हात पुढे करून सहीची दोन टिंबं झाकली.

"तुमीच त म्हनलं, बँकेचा शब्द हाय. माईकवर म्हनलं. मंग शब्द बी दाखवाचाच हाय का?"

रांग ऐकत होती. चौथ्या-पाचव्या नंबरवर उभा असलेला एक माणूस हातातली पासबुकं सावरत पुढे झाला. त्यानं गुलाबरावांना हळूच विचारलं, पण हळू म्हणजे वऱ्हाडात जेवढं हळू असतं तेवढंच. "गुलाबभाऊ, चाचाचा चेक पास होऊन राह्यला का? माह्याबी घरी हाय एक. कोठ्यावर ठेवला. आनू का?"

"माह्या गोठ्यात हाय," मागून आवाज आला. "एक कोपरा बकरीनं खाल्ला. चालते का?"

कुणीतरी खरंच सायकलकडे निघालं.

साहेबांचा चेहरा मी आजही विसरले नाही. तालुक्यातले सगळे थर्माकोल एका दिवसात आमच्या दारात उभे राहिलेले त्यांना दिसले असणार, आणि पुण्याची गाडी लांब जाताना. ते केबिनमध्ये गेले, बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात स्वतःच्या बचत खात्याचं चेकबुक होतं. त्यांनी चाचांच्या नावानं चेक फाडला, माझ्यापुढे ठेवला आणि रांगेकडे पाहत मोठ्यानं म्हणाले, "हे मी माझ्या खात्यातून देतोय. वैयक्तिक." मग आवाज खाली आणून, "चाचा, इरफानचे पैसे आले की मला परत..."

"आले की त्याच दिशी देतो साहेब," चाचा म्हणाले. "कोड तेवढा बराबर सांगत जा."

शबाना खाली मान घालून उभी होती. खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, मी पाहिलं नाही. मला माझंच सांभाळायचं होतं.

साहेबांचा तो छोटा चेक मी उचलला, पाहिला, आणि नेहमीच्या सवयीनं म्हटलं, "चाचा, मागे सही लागेल."

"हाव जी," म्हणत चाचांनी तो भलामोठा थर्माकोल उचलला आणि काउंटरवर पालथा घातला. माझं टेबल, माझे शिक्के, सगळं त्याखाली गेलं. शबानानं पर्समधून पेन काढून दिला. त्या एवढ्या पांढऱ्या पाठीवर, खालच्या कोपऱ्यात, चेकवर करतात तेवढीच बारीक सही चाचांनी केली.

मग माझ्याकडून टोकन मागून घेतलं आणि नंबरची वाट पाहत बाकावर जाऊन बसले.